राजमबाईंचा ‘गो’चा आठवडा

संध्याकाळ झाली की तंजावूरच्या मेलवीथी रस्त्यामागच्या गल्लीत राजमबाईंच्या तिण्णैसमोर चपला जमू लागतात. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. त्यावर दाटीवाटीने का होईना, सातआठ माणसं बसतात. सरकारी शाळेतून निवृत्त झाल्यावर राजमबाईंनी तिथे इंग्रजी बोलायला शिकवायचं सुरू केलं. पुस्तक नाही, फळा नाही. एका आठवड्याला एकच शब्द. तो शब्द घ्यायचा आणि घरात, बाजारात, टाउन बसमध्ये जिथे म्हणून चालतो तिथे तिथे चालवून बघायचा.

शिकवणं तमिळमधून, कारण शिकणारे सगळे तमिळ. राजमबाईंची घरची बोली मराठी, पण ती उंबऱ्याच्या आत. आणि आतही आता ती दोघींपुरतीच उरली होती. यजमान गेल्यावर घर मुकं झालं होतं. मग पापनाशमहून भावाची मुलगी हरिता नर्सिंग शिकायला तंजावूरला आली, आत्याकडे उतरली आणि नोकरी लागल्यावरही इथेच राहिली. सकाळी ‘आत्या, कॉफी आटली गं’ अशी हाक आली की राजमबाईंना वाटे, चला, आपली भाषा अजून जागी आहे.

त्या हरिताची शुक्रवारी मुलाखत होती. आयर्लंडमधलं एक इस्पितळ फोनच्या पडद्यावरून प्रश्न विचारणार होतं. तिची तयारी करून घ्यायची होती राजमबाईंनी. नीट करून घेतली तर पोरगी जाणार, आणि घरात मराठी बोलायला भिंती राहणार. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्या आठवड्याला त्यांनी वर्गातही शब्द घेतला तो ‘गो’च.

“गो म्हणजे जा. त्यात आठवडाभर काय शिकायचं, टीचर?” रिक्षावाला सांबशिव म्हणाला. “मी रोज म्हणतो की. सार, मेडम, बिग टेंपल गो?”

“म्हणून तर ती माणसं तुझ्या रिक्षात न बसता चालत जातात,” मोबाइलच्या दुकानातली संगीता म्हणाली आणि तिण्णै हसली.

राजमबाईंनी हसू दिलं. मग म्हणाल्या, “दूध नासलं तर इंग्रजीत काय म्हणाल? मिल्क हॅज गॉन बॅड. दूध कुठे गेलं? पातेल्यातच आहे. माझे केस पिकले, हेअर हॅज गॉन ग्रे. ते गेले का कुठे?”

“माझे गेले, टीचर,” सांबशिवने टकलावरून हात फिरवला.

“संगीता, तुझा हा ब्लाउज या साडीला शोभतो. द ब्लाउज गोज विथ द सारी. परीक्षा कशी झाली? हाऊ डिड इट गो? बघा, जाणं म्हणजे नुसतं पायांनी जाणं नव्हे. बदलतं त्यालाही गो, जुळतं त्यालाही गो, चालू आहे त्यालाही गो.”

वर्ग सुटला. चपला घालता घालता एकेकजण म्हणाला, “आय गो अँड कम, टीचर.” जाऊन येतो. इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही, हे राजमबाईंना शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण या गावात, तमिळ घर असो की मराठी, दारातून निघताना नुसतं ‘जातो’ कोणी म्हणत नाही. नुसतं जाणं म्हणजे न परतणं. त्यामुळे बाकी साऱ्या चुकांवर बोट ठेवणाऱ्या राजमबाई या एका चुकीला आयुष्यभर माफ करत आल्या होत्या.

या वेळी मात्र ती माफ करून चालणार नव्हतं. मागच्या वर्षी अशीच मुलाखत झाली होती. ‘तिकडे किती दिवस राहाल?’ असं विचारल्यावर हरिता चटकन म्हणून गेली होती, ‘आय विल गो अँड कम.’ परदेशी नोकऱ्या जुळवणाऱ्या एजन्सीच्या बाईने नंतर फोनवर सांगितलं, त्यांना वाटलं ही लगेच परत येणार. दुसरीला घेतलं.

गुरुवारी जेवणं उरकल्यावर दोघी समोरासमोर बसल्या.

“आता मी तुझी आत्या नाही. मी तिकडची मेट्रन.”

“मेट्रन सुंगुडी साडी नेसते होय?”

“वाह्यातपणा पुरे. व्हाय डू यू वॉन्ट टु गो?”

“आय वॉन्ट टु गो अँड…” हरिताने जीभ चावली. “येतंच गं तोंडात. तूच लावलीस सवय. लहान असताना निघताना एकदा ‘जाते’ म्हटलं, तर गल्लीच्या टोकावरून मागे बोलावलंस, पाटावर बसवलंस, पाणी पाजलंस आणि पुन्हा पाठवलंस. पापनाशमची बस गेली माझी. अप्पा किती ओरडले!”

“ओरडू दे. तू बोल. व्हाय डू यू वॉन्ट टु गो?”

हरिता खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे मला तुझ्यासमोर म्हणवत नाही.”

राजमबाईंनाही ते कळत होतं. मराठीत तिने हे कधीच म्हटलं नसतं. ‘दोन वर्षं बघते की, मग येतेच ना’ असं काहीतरी मऊ गुंडाळून सांगितलं असतं, आणि आपणही ते खरं मानून घेतलं असतं.

“मराठीत कोण म्हणायला सांगतंय?” त्या म्हणाल्या. “इंग्रजीत म्हण. तिथे आत्या नाही, भाची नाही. नुसतं आय आणि यू.”

हरिताने मांडी सावरली. मग म्हणाली, “आय वॉन्ट टु गो.”

“व्हाय?”

तिला मोठ्या इस्पितळात, चांगल्या यंत्रांवर काम शिकायचं होतं. स्वतःची खोली हवी होती, आपल्या पैशांनी घेतलेली. आणि तिकडे राहायचं होतं, बरीच वर्षं. इंग्रजीत ते सगळं सरळ उभं राहिलं. आडपडदा नाही, कोणाची मनधरणी नाही.

“लाउडर,” राजमबाई म्हणाल्या.

“आय वॉन्ट टु गो.”

“डोळे वर. मेट्रनकडे बघ. पुन्हा.”

पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हणवून घेतलं. अडखळणं निघून गेलं, वाक्य घोटून गुळगुळीत झालं. “आता ठीक,” असं म्हणून राजमबाई उगीचच ताकाचं भांडं झाकायला आत गेल्या आणि तिथेच जरा उभ्या राहिल्या.

शुक्रवारी दुपारी हरिता खोलीचं दार लावून बसली. राजमबाई बाहेर तिण्णैवर होत्या. भाजीवाल्याला त्यांनी हातानेच पुढे पाठवलं. एकदा मनात येऊन गेलं, या घटकेला करंट जाऊन फोन तुटला तर? लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. करंट गेला नाही. दाराआडून आवाज आला, स्वच्छ, न घाबरलेला: “आय वॉन्ट टु गो. आय विल स्टे.” उच्चार थेट राजमबाईंचे होते. जिथे थांबायला शिकवलं होतं तिथेच पोरगी थांबली होती.

दार उघडलं तेव्हा वर्गाची वेळ होत आली होती. हरिताचा चेहरा फुलला होता. “आत्या, दे लाइक्ड मी! दे आस्क्ड व्हेन आय कॅन जॉइन! द मेट्रन वॉज सो…” इंग्रजी तिच्या तोंडातून धो धो वाहत होतं.

“थांब,” राजमबाई म्हणाल्या. “आपल्या बोलीत सांग.”

“सगळं इंग्रजीत झालं गं. मराठीत कसं सांगू?”

“कसंही सांग. मध्ये तमिळ घाल हवं तर. पण पहिल्यापासून सांग.”

हरिता त्यांच्याजवळ टेकली. शब्द शोधत, अडत, हसत सांगू लागली. एक बाई होती म्हणे, केस पांढरे, पण एवढेसे कापलेले. तिने आधी तंजावूर कुठे आहे ते विचारलं. शेजारी एक मनुष्य होता, तो नुसताच मान हलवत होता, देवळातल्या हत्तीसारखा.

सांबशिव आला, चपला काढू लागला.

“आज वर्ग नाही,” राजमबाई म्हणाल्या. असं त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं. तो बघतच राहिला. त्यांनी हरिताचा हात धरून तिला आत घेतलं आणि दार लोटलं.

“हं, मग? मग काय म्हणाली ती बाई?”