पडताळणीला गेलेल्या मार्कशीट

२ मे २००४, रविवार. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायचं काम काढलं होतं. गहू हॉलभर चादरीवर पसरलेला, माझे हात तेलाने बरबटलेले, आणि मुलगी सायबर कॅफेतून धापा टाकत आली. ती आदल्या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअर झाली होती. गेट परीक्षेच्या मार्कांवर दक्षिणेतल्या एका सरकारी संस्थेने तिला एम.टेक.च्या मुलाखतीला बोलावलं होतं, त्याच आठवड्यात. ईमेलची प्रिंट तिने माझ्या डोळ्यांपुढे धरली. मूळ मार्कशीट आणल्याशिवाय मुलाखत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

मूळ मार्कशीट घरात नव्हत्या. त्या गंगापूर रोडवर परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका माणसाच्या कपाटात होत्या. हा माणूस वणीचा, म्हणजे नवऱ्याच्या गावचा. मुलीला अमेरिकेत एम.एस.ला पाठवतो, सल्ल्याची फी नाही, फक्त मूळ कागद ऑफिसात राहू द्या, असं त्याने सांगितलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, पावती घ्या. नवरा म्हणाला, "गावच्या माणसाकडे पावती मागायची? उद्या देवीला गेलो तर याच्याच घरी चहाला बसायचंय." म्हणून पावती नाही. बँकेत पासबुक चारदा तपासणारा माणूस, पण समोरचा वणीचा निघाला की विरघळतो.

मला तो सल्लागार पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. फी नाही, मग एसीचं बिल कोण भरतं? मुलीने हसून एक इंटरनेटवरचं पान दाखवलं. कुठल्याशा परदेशी प्राध्यापकाने पुढे शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं. कॉलेज कसं निवडावं, प्राध्यापकांना स्वतः कसं लिहावं, सगळं फुकट. माझा पहिला प्रश्न तोच, याला काय पडलंय? पण तो काही मागत नव्हता, कागद तर मुळीच नाही. आणि फुकट सल्ला देणाऱ्या एजंटला बहुतेकदा कॉलेजकडून पैसे मिळतात, हेही त्यानेच लिहिलं होतं. त्यावर मी जरा नरमले. पूर्ण नाही.

हात धुऊन मी सल्लागाराच्या मोबाईलवर फोन लावला.

"काकू, कशाला एम.टेक.च्या नादी लागता? इथल्या डिग्रीला तिकडे कोण विचारतं?"

"ते आम्ही बघू. मार्कशीट कधी देता?"

"मार्कशीट मुंबईला पाठवल्यात, पडताळणीला. पंधरवडा तरी लागेल."

"गेल्या सोमवारी तर कपाटात होत्या म्हणालात?"

"काकू, तुम्ही लय संशय घेता बुवा. घरचेच ना आपण?"

"घरचे म्हणूनच विचारते. मुंबईत कुठे पाठवल्या? पत्ता सांगा, मी स्वतः जाऊन आणते."

त्याला दुसरा फोन आला. निदान तो तसं म्हणाला.

मुलगी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. "आई, पडताळणीला कुणी मूळ कागद पाठवत नाही गं. कॉलेजच सीलबंद पाकिटातून नक्कल पाठवतं. त्या पानावर आहे." ही मुलाखत हुकली की संपलं. पुन्हा गेट द्यायची म्हणजे पुन्हा एक वर्ष घरात, आणि तिच्या काकांनी स्थळं बघायला सुरुवात केलेलीच होती.

नवरा म्हणाला, "उद्या संध्याकाळी मी शांतपणे बोलतो त्याच्याशी."

"तुम्ही बोलू नका," मी म्हटलं, आणि उरलेल्या गव्हाला तेल लावायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच मी मुलीला घेऊन गंगापूर रोडला गेले. दोन पालक मुलांना घेऊन आलेले होते, दोघांच्या हातात फाइली. सल्लागार आला तसा मी त्यांच्यादेखत विचारलं, "मुंबईहून आल्या का हो आमच्या मार्कशीट? का या लोकांच्याही तिकडेच जाणारेत?" एका बाईंनी फाइल काखेत घट्ट धरली. तो म्हणाला, "काकू, आत या ना, चहा घेऊ." मी बाकावरच बसून राहिले. थोड्या वेळाने कपाट वाजलं आणि मार्कशीट बाहेर आल्या. मुंबई तिथेच होती, वरून दुसऱ्या कप्प्यात.

मी प्रत्येक मार्कशीट उजेडात धरली, शिक्क्यावर अंगठा फिरवला. रंगीत झेरॉक्स हल्ली हुबेहूब निघतात. मुलगी म्हणत होती, "आई, चल ना आता." दहावीपासूनच्या सगळ्या नीट बघितल्या, पिशवीत घातल्या, आणि तिथूनच रिक्षाने नाशिकरोडला जाऊन रिझर्वेशनच्या रांगेत उभी राहिले. तिकिटं दोन काढली. ती संस्था तरी कशी आहे, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.