र ची शेपटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या फॉन्टमुळं पुण्यात माझं नाव झालं, तो माझा नाही. ती अक्षरं माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची आहेत.

सीमाभागातलं आमचं मेहकर गाव सोडलं त्या दिवशी अण्णा हुमनाबादच्या स्टँडपर्यंत आला होता. माझ्या पत्र्याच्या पेटीवर त्यानं माझं नाव रंगवलं होतं. रंग ओला म्हणून त्यानं पेटी टपावर टाकू दिली नाही. निघताना आई म्हणाली होती, "पेटी संभाळ दत्ता, अण्णाचा हात हाय तुज्यासंगं."

अण्णा पेंटर. आमच्याकडं लग्नघराच्या दाराशेजारची भिंत पांढरी करून तिच्यावर नवरा-नवरीची नावं रंगवतात, आणि लिहिणाऱ्याला टोपी-टॉवेलाचा आहेर करतात. तो मान कायम अण्णाचा. एकदा लॉरीच्या मागचं फाळकं पडून त्याचं बोट मोडलं. तेव्हापासून र ची शेपटी ओढताना ब्रश मध्येच अडायचा आणि तिथं एक मुरड पडायची.

पुण्यात पेटीसकटच एका डिझाइन स्टुडिओत काम मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी पेटीवरचं नाव बघून विचारलं, "ही अक्षरं कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. एवढंच.

मग दर दिवाळीला गावाकडं जाऊन मी अण्णानं रंगवलेल्या भिंतींचे फोटो काढत राहिलो. अण्णा शेजारी उभा राहून हसायचा. त्या फोटोंवरून फॉन्ट निघाला. लग्नपत्रिका, मिठाईचे डबे, साड्यांच्या दुकानांच्या पाट्या, जिथं मिरवायचं तिथं तो. र च्या मुरडीला लोक नजाकत म्हणायला लागले. मी मान डोलवत राहिलो.

परवा अण्णाच्या मुलीचं, सारिकाचं लग्न होतं. दारात पोचलो आणि पाय थबकले. भिंत पांढरीफेक, कोरी. तिच्यापुढं फ्लेक्स बांधलेला. त्यावर सारिकाचं नाव, माझ्या फॉन्टात.

"अण्णा, भीत कामून कोरी ठिवलास?"

"मुडबी गावात एका भिंतीवर लिवलो तर पोरं म्हणायलेत, काका, मोबाईलमधून बघून काढलात व्हय? आता पोरीच्याच लग्नात नकलाकार कशाला म्हणून घिऊ?"

मग त्यानं वाकडं बोट फ्लेक्सवरच्या र च्या शेपटीवर ठेवलं.

"माजं बोट तर फाळक्याखाली मोडलं. ह्या मशीनचं कवा मोडलं रे, दत्ता?"

त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायची हिंमत झाली नाही. तो हसला, "चल, जेवून घे, पाव्हणे खोळंबलेत," म्हणाला आणि मांडवात गेला. त्या लग्नात टोपी-टॉवेल कुणालाच गेला नाही. फ्लेक्सला कोण टोपी घालणार?

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं ते मला माहीत नाही. मला ती कोरी भिंत दिसते. पुण्यात आलो तरी दिसते. पेटी अजून माळ्यावर आहे, रंग जागच्या जागी आहे.

फॉन्टवर आजही माझंच नाव आहे. तिथं अण्णाचं नाव लावायचं आहे. अजून लावलेलं नाही.