बर्नर मोजणारा माणूस

पाहुणा दिसला की आमच्या ह्यांना शिकवायची खुमखुमी यायची. कॉलेजचे कॉम्प्युटर सांभाळतात ना. "एका मोठ्या मशीनच्या पोटात आम्ही बरीच छोटी मशिनं चालवतो," असं सुरू झालं की मी चहा ठेवायला उठायची, कारण पुढे माझीच शेगडी यायची. "त्या सॉफ्टवेअरचा परवाना भांड्यांवर नसतो, बर्नरवर असतो. वर किती भांडी चढवलीत ते कुणी विचारत नाही. बोर्डावर जितके प्रोसेसर, तितके परवाने." जन्मात कधी दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला नाही, आणि उदाहरण मात्र बर्नरचं.

असा हा शहाणा माणूस स्वतःच फसला. जुन्या मशीनला एकच प्रोसेसर होता, नव्याला दोन. मशीन आणि परवाने पुरवायचा माझा धाकटा भाऊ. त्याचं छोटंसं दुकान कॉलेजच्या कामावरच चालायचं. त्यानं फोन करून विचारलं, "भावोजी, ह्यात दोन प्रोसेसर आहेत. परवाने दोन मागवू ना?" मी शेजारीच मटार सोलत बसले होते. हे म्हणाले, "इतकी वर्षं एकच घेतोय. तू मला शिकवू नकोस." बिचाऱ्यानं एकच मागवला.

पुढे सॉफ्टवेअर कंपनीची तपासणी आली आणि एक परवाना कमी भरला. प्राचार्यांनी विचारलं, चूक कुणाची? हे म्हणाले, "दुकानातूनच एक आला, सर." खोटं नाही, पण खरंही नाही. भावाचं काम त्याच दिवशी बंद झालं. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. बहिणीच्या नवऱ्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

मी मात्र ह्यांना सोडलं नाही. "जा, सांगून टाका," म्हटलं की ताट बाजूला सारायचे. "सांगतो गं. मलाच माझी लाज वाटते." पाहुण्यांपुढची शेगडी बंद झाली ती झालीच.

नवा परवाना मंजूर होईपर्यंत चोरी नको, म्हणून ह्यांनी दुसरा प्रोसेसर काढून ठेवला. पण मन खात असताना केलेलं काम ते. प्रोसेसर काढला की त्याच्या बाजूच्या मेमरीच्या पट्ट्याही बंद पडतात, हे ह्यांच्या डोक्यातच आलं नाही. निम्मी मेमरी गेली, आणि ऐन प्रवेशाच्या सकाळी त्याच्या पोटातलं प्रवेशाचं मशीन सुरूच होईना. बाहेर मुलांची रांग, आत ह्यांना दरदरून घाम. प्राचार्य म्हणाले, "बोलवा त्या दुकानदाराला. मशीन त्यानंच दिलंय."

भाऊ आला. पुढचं मला ह्यांनीच घरी येऊन डोळे पुसत सांगितलं. त्यानं झाकण उघडलं, प्रोसेसरची रिकामी जागा पाहिली आणि पट्ट्या काढून चालू प्रोसेसरच्या बाजूला बसवल्या. मशीन सुरू झालं. काय झालं होतं, असं प्राचार्यांनी विचारलं, तर म्हणतो, "काही नाही, सर. पट्ट्या सैल झाल्या होत्या."

तेव्हा ह्यांना राहवलं नाही. "सैल नव्हत्या, सर. चूक माझी. परवान्याचीही माझीच. ह्यानं फोन करून विचारलं होतं, मीच त्याला गप्प केलं."

प्राचार्य भावाला म्हणाले, "तुमचं काम पुन्हा सुरू करू."

भाऊ हात पुसत होता. "आता राहू द्या, सर. दुकानाची किल्ली काल जागेच्या मालकाला देऊन आलो."

आता तो लांब, दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतो. रविवारी फोन येतो. "ताई, भावोजी जेवले का?" हे समोरच बसलेले असतात. मी फोन पुढे करते, तर मान खाली घालून हातानंच नको म्हणतात. मग मलाच सांगावं लागतं, "झोपलेत रे."

"असू दे," तो म्हणतो. "उठवू नकोस."