मशीनचा वास आणि मंगलमावशींचा खोकला

घसा अजून जळतोय, तरी लिहितेय. घरी वॉशिंग मशीन असेल तर वाचा.

आठवडाभर आमच्या मशीनला कुबट वास येत होता. घरकामाला येणाऱ्या मंगलमावशींना मी परवा सुनावलं, "तुम्ही त्यात ओली फडकी टाकता, त्यानेच होतंय."

आज सकाळी व्हिडिओ बघून मी ड्रममध्ये भरपूर व्हिनेगर ओतलं आणि मीटिंगला बसले. मावशींना सांगायचं राहिलं.

थोड्या वेळाने त्यांचा खोकला ऐकू आला. थांबेचना. मशीन ठेवलंय त्या ड्राय बाल्कनीत धावत गेले. समोरच्या बांधकामाच्या धुळीमुळे आमची ती खिडकी कायम बंद असते. डोळ्यांना झोंबणारा वास कोंडला होता आणि मावशी मशीनला धरून खाली बसल्या होत्या.

त्यांना ओढतच बाहेर जिन्यात आणलं. "मावशी, मशीनमध्ये काय टाकलंत?"

"ब्लीच. लई वास येतुया म्हनला व्हता ना तुमी. घरनं आनलं."

ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, हे मला दवाखान्यात कळलं. मावशी आता बऱ्या आहेत, घरी गेल्यात.

संध्याकाळी मशीनच्या दाराचं रबर उलटून पाहिलं. आत काळी बुरशी आणि माझाच जिमचा मोजा, पार सडलेला.

मघापासून चार वेळा मावशींचा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला. तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता?