डबा आधी, मी मागून

बूटपॉलिशचा वास आला की खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीची बस आठवते. लढाईचे दिवस होते. रोज ओव्हरटाइम आणि रविवारी टेरिटोरियल आर्मीची परेड. एकदा परेड घेणारे उस्ताद माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "दौड़ में फेल हुए तो मोर्चे पर नहीं, घर जाओगे." तेव्हापासून भोंगा झाला की मी डबा बसमधल्या सोबत्यांकडे द्यायचो आणि परेडचे बूट घालून मागून पळत यायचो. बायको क्वार्टरजवळच्या स्टॉपवर डबा उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन चहा मांडायची. एका संध्याकाळी मी धापा टाकत पोचलो, तर ती डबा घेऊन अजून स्टॉपवरच. "काहून थांबली?" "थांबली कुठं? बस आत्ताच तर गेली." आता काठी टेकत चालतो, पण बस दिसली की पाय अजून घाई करतात.