अर्धा अणू

खडू सरांनी माझ्या हातात दिला न्हाई. फरशीवर फेकला. बाकीच्या पोरांच्या तळहातावर ठेवायचे. मला वाकून उचलावा लागायचा, अन् मी वाकले की मागची पोरं खिदळायची.

भोकरदनला अकरावी सायन्सला होते मी. पिंपळगाव रेणुकाईहून एसटीनं यायचे. वर्गात बौद्धवाड्यातली एकटीच. रसायनचे सर हजेरीला माझं नाव घ्यायचे न्हाईत. "सरकारच्या जावयाची पोर" म्हणायचे.

त्या दिवशी रसायनच्या तासाला एक गणित होतं. पानातल्या हरितद्रव्यात शेकडा २.६८ भाग मॅग्नेशियम, त्याचा अणुभार चोवीस, तर हरितद्रव्याचा रेणुभार कमीत कमी किती? सोपं होतं. एका रेणूत मॅग्नेशियमचा निदान एक अणू तरी असणारच. तो एक धरायचा. चोवीसशे भागिले २.६८. मी फळ्यावर लिहिलं, ८९५.५.

सर हसले. "तू कशाला एक धरतीस गं? तुमच्या लोकांचा वाटा अर्धा. अर्धा धर."

सगळा वर्ग खो खो हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणलं, "अणू अर्धा होत न्हाई, सर. कमीत कमी एक लागतोच. तुम्ही धरा न्हाईतर मी धरीन, एकच."

"मला शिकवतीस? पूस ते! पदरानं पूस!"

"न्हाई पुसत."

त्यांनी माझी वेणी धरली अन् कपाळ फळ्यावर आपटलं. परत आपटलं. आकडे रक्तानं फिसकटले, तोंडात खडूची भुकटी गेली. लाकडी डस्टर माझ्या हाताला लागलं. दिलं ठेवून त्यांच्या मनगटावर. हाड वाजलं. तो आवाज मला गोड लागला, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी माझ्या बापाला बोलावलं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादा विहिरी खोदायचा.

हेडमास्तर म्हणले, "सरांचे पाय धर. न्हाईतर पोरीचं नाव पटावरनं काढतो."

दादा गुमान वाकला. सुरुंगानं खडक फोडणारा माझा बाप वाकून राह्यला होता, अन् सर पाय पुढं करून उभे. माझं डोकं फिरलं. त्याच्या दंडाला धरून हिसडा दिला. "दादा, उठ! पाय धरलेस तर तू माझा बाप न्हाई."

दादा उभा राह्यला. म्हणला, "पोरगी बराबर बोलली. न्हाई धरत."

माझं नाव काढलं त्यांनी.

मी पुढच्या सकाळी एसटी पकडून गेले अन् पहिल्या बाकावर बसले. शिपायानं ओढलं. मी दोन्ही हातांनी बाक आवळला. बाक माझ्यासंगं करकरत दारापर्यंत गेला, बोटांची सालटी निघाली. सर ओरडले, "सोड!"

"उद्या बी येणार," मी म्हणलं. "हात तोडा माझे. मंग दातानं धरीन."