श्यामरावच्या गाडीवरची जाळी

साकोलीत हायवेला लागून डिंपलचं गाड्या चमकवायचं दुकान आहे. गाडी कुठे फिरते, कुठे उभी राहते, हे विचारल्याशिवाय ती कामाला हात लावत नाही. सावलीतल्या गाडीला साधं वॅक्स, गिट्टीच्या रस्त्यावरच्या गाडीला समोरून फिल्म, उन्हातल्या गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पारदर्शक कडक थर. पण कोटिंगच्या आधी ओरखडे मशीननं काढायचेच, इथे ती कोणाचं ऐकत नाही. एकदा कोटिंग बसलं की खालचे ओरखडे तसेच कोंडले जातात आणि उन्हात आणखी उठून दिसतात.

मागच्या हिवाळ्यात सानगडीचा राईस मिलवाला श्यामराव आला. त्यानं तिला ओळखलं नाही. तिनं मात्र त्याला लांबूनच ओळखलं. बारा वर्षांपूर्वी सानगडीच्या बाजारात तिच्या बापाची, धनीरामची, मासोळ्यांची टोपली श्यामरावच्या गाडीला घासली होती. त्यानं भर बाजारात धनीरामला अंगातला सदरा काढायला लावला आणि त्या सदऱ्यानंच गाडी पुसून घेतली. चौदा वर्षांची डिंपल तराजू धरून पाहत होती. धनीराम पुन्हा त्या बाजारात बसला नाही.

"उद्या पोरीचं लगन हाय. काचेसारखी चमकली पाहिजे," श्यामराव म्हणाला.

डिंपलनं दिवा धरला. मिलची धूळ कोरड्या फडक्यानं पुसून काळ्या रंगावर बारीक ओरखड्यांची जाळी उठली होती.

"ओरखडे काढाले दोन दिवस लागते, काका."

"संध्याकाळी गाडी पाहिजे मले. वरून मार न कोटिंग!"

दुसरा कोणी असता तर ती म्हणाली असती, लग्नापुरतं वॅक्स लावा, तेवढ्यानं झाकते, कोटिंगचं मागून पाहू. ते शब्द तिनं गिळले.

"बरं," एवढंच म्हणाली.

कोटिंग तिनं अगदी मन लावून केलं. छपराखाली गाडी आरशासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी मांडवासमोर दुपारच्या उन्हात सगळी जाळी लखलखली. व्याह्यानं बोनेटवर बोट फिरवून चार लोकांत विचारलं, "जुनी घेतली का जी?"

तिसऱ्या दिवशी श्यामराव तणतणत आला, चावी तिच्या हातात कोंबली. "काय करून ठेवलं हे? काढ!"

"काढतो. पहिले सानगडीच्या बाजारात माह्या बाबाची माफी मांगा."

"कोण तुया बाबा?"

"धनीराम. मासोळीवाला."

श्यामराव कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं. ते पाहून डिंपलच्या अंगाची आग झाली. तिनं चावी त्याच्या पायाशी टाकली.

त्यानं गावोगाव सांगितलं, ही पोरगी गाड्या खराब करते. दोन महिने दुकानात माशा घोंगावल्या. घरी तिनं धनीरामला सगळं सांगितलं.

"जाळी उन्हात लय दिसते का?" त्यानं विचारलं.

"लय."

"मोठी चूक केली तू, बाई," तो म्हणाला, आणि हसू दाबायला त्यानं तोंड फिरवलं.